ट्राममध्ये मंगलाचं नाव

हूरा, बहारीन
१२ मार्च १९८४

ती. आईस शेवंतीचा नमस्कार.

मी बरी आहे. मल्होत्रा मॅडम आणि साहेब बाळाला घेऊन चार दिवस व्हिएन्नाला गेले, तेव्हा त्याला सांभाळायला मलाही नेलं. तिथल्या थंडीत आपल्या न्हाणीची चूल आठवली. तू पाय पसरून मंगलाला न्हाऊ घालायचीस, ते डोळ्यांपुढून हलेना.

एका दुपारी ट्राममध्ये बाळ पोटदुखीनं फार रडलं. मी त्याला मांडीवर पालथं घेऊन पाठ चोळली, तर तोंडून निघून गेलं, "उगी गं माझे बाय, मंगला."

मॅडमनी विचारलं, "मंगला कौन है?"

कामावर लागताना मला मूल नाही असं सांगितलं होतं गं. पण तिथे खोटं बोलवेना. म्हटलं, "मेरी बेटी. चौदा महिने की."

मॅडमनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं, नोकरी खलास. उतरल्यावर त्यांनी बाळाला स्वतःकडे घेतलं आणि म्हणाल्या, "मई में घर हो आओ. टिकट हम देंगे." मी रस्त्यातच रडले.

मंगला चालते का आता? मला ओळखलं नाही तर तिला रागावू नकोस. मी नुसती तिच्याजवळ बसून राहीन.

तुझी लेक,
शेवंती