उस्मानपुऱ्यातली खोली

उस्मानपुरा,
छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

प्रिय इंद्रजीत,

काल दुपारी तू रूपामावशीच्या कामाच्या खोलीवर आलास आणि सायलीचा कॉम्प्युटर उचलून घरी घेऊन गेलास, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "आई, ऐक ना," म्हणतोस आणि मग मीच ऐकत बसते. कागदाला मधेच तोडता येत नाही. शेवटपर्यंत वाच.

तू भांडलास असं मी म्हणणार नाही. तू हसत आलास. शिलाई मशीनवर बसलेल्या केसरबाईंना "काय मावशी, बरंय ना?" विचारलंस, रूपाच्या हातचा चहा घेतलास आणि वायरी काढता काढता म्हणालास, "घरात एवढी जागा असताना माझी बायको दुसऱ्याच्या खोलीत कशाला बसेल? तिला नवं टेबल आणलंय मी. खुर्चीसुद्धा फिरती." सायली भिंतीला टेकून उभी होती. तिला तू एका शब्दानं विचारलं नाहीस. तू जिना उतरल्यावर केसरबाई म्हणाल्या, "पोरगं लई गुणाचं, पर बायकोला इचारलं नाय त्यानं." हळू आवाजात म्हणाल्या. मला तुझ्यापेक्षा त्या हळू आवाजाचा जास्त राग आला.

आता टेबलाचं. टेबल चांगलंच असणार, तू वस्तू पारखून घेतोस. पण मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे गारखेड्याला राहायला आले होते, तेव्हाचा एक दिवस आठव. वाळूजच्या कारखान्यातल्या एका साहेबांना सायली फोनवर आपण काढलेलं यंत्राच्या भागाचं ड्रॉइंग समजावून सांगत होती. कुठलं भोक किती खोल, कुठली कड घासून घ्यायची, सगळं. इतकं ठाम बोलणारी सायली मी त्याआधी पाहिली नव्हती. तेवढ्यात नळाला पाणी आलं. आपल्या शहरात पाणी येणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको; आठवडा आठवडा वाट पाहायला लावतं आणि आलं की सगळी गल्ली धावते. तू सुटीवर होतास, सोफ्यावर पाय पसरून मॅच बघत होतास. मोटारीचं बटण तुझ्या डोक्यामागच्या भिंतीवर. आणि तू तिथूनच ओरडलास, "सायली, पाणी आलं! मोटार लाव, पाणी जाईल!" फोनवरच्या साहेबांना ते ऐकू गेलं. ते हसले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही आधी पाणी भरून घ्या." ते काम पुढं दुसऱ्याकडे गेलं. जेवताना तू तिची समजूत घातलीस, "जाऊ दे गं, घरबसल्या एवढंच होणार." दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायलीला म्हटलं, डबा भर आणि माझ्याबरोबर खोलीवर चल.

डबा भर असं का म्हटलं, ते तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा शाळेत जात होतास. बी.ए. झालेली मी, इंग्रजी बरं होतं, म्हणून हायकोर्टाच्या खंडपीठातल्या वकिलांसाठी मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं करायला लागले. तेही घरबसल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका बाजूला कणीक आणि दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी शपथपत्र. तुझे आजोबा, तात्यासाहेब, मनानं वाईट नव्हते. पण जिंतूरकडचं कुणीही पाहुणं आलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "सूनबाई घरीच हाय की. तिला काय लई काम हाय? येरूळ दाखवून आणंल." की मी निघाले. घृष्णेश्वर, भद्रा मारुती, किल्ला, मकबरा. पाहुण्यांची पोरं मोजत, त्यांच्या चपला सांभाळत. कैलास लेण्यातला दगडी हत्ती मला ओळखायला लागला असेल. इकडे वकिलाचा माणूस दारात उभा राहून परत जायचा. तुझे बाबा म्हणायचे, "तू सांगत का नाहीस त्यांना?" मी म्हणायचे, तुम्हीच सांगा. मग दोघंही सांगत नसू.

ते रूपानं सोडवलं. कॉलेजात माझ्या बाकावर बसायची ती. नागसेनवनातून सायकल मारत यायची आणि मास्तरांना उलट प्रश्न विचारायची. तेव्हा तिनं उस्मानपुऱ्यात ही खोली घेऊन लोकांचे कराचे कागद भरून द्यायला सुरुवात केली होती. मी रडगाणं सुरू केलं तर तिनं हातानं थांबवलं. "तू घरात बसून कितीही राब, त्याला कुणी काम म्हणणार नाही. उद्या सकाळी डबा घे, पर्स घे, चपला घाल आणि सगळ्यांच्या देखत बाहेर पड. इथं येऊन तेच कागद लिही." मला हसू आलं. पण गेले. आठवडाभर तात्यासाहेब माझ्या डब्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी कानांनी ऐकलं, "सूनबाई? तिला कुठं येळ? कामाला जाती ती." भाषांतर तेच, हात तोच, फक्त डबा नवा. माझ्या पदवीनं जे झालं नव्हतं ते त्या स्टीलच्या डब्यानं केलं. यात शहाणपण कुणाचं आणि मूर्खपणा कुणाचा ते तूच ठरव.

काल तू जाता जाता म्हणालास, "तुमचा बायकांचा टाइमपास चालू द्या." म्हणून तो टाइमपास कसा चालतो तेही सांगते. आमच्यात कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही. रूपाचं काम रूपाचं, माझं माझं, केसरबाईंचं फॉल-पिको आणि ब्लाउज त्यांचे. पण कुणाचाही फोन वाजला की केसरबाईंचं मशीन थांबतं. सांगावं लागत नाही; त्यांचा पाय आपोआप उचलला जातो. ज्या भागात पाणी येणार, तिथली बाई उशिरा येते आणि तिचा फोन खोलीतली दुसरी उचलते. खोटी कारणं देत नाही. "मॅडम बाराला भेटतील," एवढंच सांगते आणि निरोप नीट लिहून ठेवते. आणखी एक रीत आहे. घाईचं किंवा फुकटचं काम आलं तर परस्पर "हो" म्हणायचं नाही. आधी खोलीत मोठ्यानं सांगायचं. सायलीनं आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "आई, एक जण म्हणतात, आधी नमुन्यादाखल चार ड्रॉइंग तशीच करून द्या." केसरबाईंनी मान वर न करता विचारलं, "मी नमुन्याला चार झंपर फुकट शिवू का गं?" सायली इतकी हसली की तिला फोन धरवेना. मग तिनं त्या माणसाला नाही म्हटलं. माझ्या देखत, न घाबरता. त्या माणसानं दुसऱ्या दिवशी रीतसर काम पाठवलं, पण नसतं पाठवलं तरी ते "नाही" बरोबरच होतं.

नोकरीतल्या माणसाला हे सगळं आयतं मिळतं, इंद्रजीत. तुझ्या ऑफिसात तुला कुणी मधेच उठवून पाणी भरायला लावत नाही. अडलं तर शेजारच्या टेबलाला विचारतोस, चहाला सोबत असते, चिडलास तर ऐकून घेणारं कुणीतरी असतं. स्वतःचं काम करणाऱ्या माणसाला ते सगळं स्वतः उभं करावं लागतं. आम्ही उभं केलं. तू काल त्यातलं एक टेबल रिकामं केलंस आणि तुला वाटलं, बायकोची सोय केली.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, रूपा बरोबर येणार आहे. तुला आधी सांगितलं असतं तर तू प्रेमानं म्हणाला असतास, "आता बास झालं आई, घरीच बस." ते प्रेम मला ठाऊक आहे आणि ते मला नको आहे. डॉक्टर हो म्हणाले की मी पुन्हा खोलीवर जाणार. दुसऱ्या टेबलावर बसेन. खिडकीजवळचं माझं टेबल आता सायलीचं. तिला उजेड लागतो, आणि तिथून शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत नाही.

आज सकाळी तू ऑफिसला गेल्यावर मी सायलीला फोन केला. म्हटलं, कॉम्प्युटर तुझ्या कमाईचा आहे. तो खोलीवर हवा की घरी, एका शब्दात सांग.  ती म्हणाली, "खोलीवर." मी तिला म्हटलं, तू खोलीवर जा, उचलायला मी जाते, तुझ्या नवऱ्याला जे बोलायचं ते मला बोलू दे. माझ्याकडची किल्ली लावून घर उघडलं. केसरबाई बरोबर होत्या. रिक्षात मॉनिटर त्यांनी मांडीवर घेतला, नातू घ्यावा तसा. कॉम्प्युटर खोलीवर पोचवून हे पत्र लिहिलंय; आता पुन्हा जाऊन ते तुझ्या त्या नव्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या जागी ठेवते आणि दार ओढून घेते, लॅच आपोआप लागतं. त्यासाठीच लिहिलं. वस्तू कुणी नेली म्हणून तू सायलीवर ओरडू नयेस. मी नेली. ती संध्याकाळी घरी येईल, थकलेली असेल. तिच्याशी भांडायचं असेल तर आधी चहा कर आणि मग माझ्याकडे ये.

तुझीच,
आई

नोंद. सायलीच्या ताब्यात दिलं: तिचा कॉम्प्युटर, मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस, सगळ्या वायरींसह, चालू स्थितीत, खोलीतलं खिडकीजवळचं टेबल, खोलीची एक किल्ली. इंद्रजीतला परत केली: गारखेड्याच्या घराची माझ्याकडची किल्ली, या पाकिटात आहे. तुला न विचारता वापरली, म्हणून ठेवत नाही. यापुढे बेल वाजवून येईन.