एका क्रमांकाची एकच फाइल

अण्णा, वरून आलेल्या हुकमापुढे मान तुकवणाऱ्या तुमच्यासारख्या सरळमार्गी कारकुनांनी जितकी माणसं बुडवली, तितकी लाचखाऊंनीही बुडवली नसतील. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी माझा हा राग उतरत नाही.

राज्याची पुनर्रचना झाली आणि धारवाडकडच्या शिक्षकांची दप्तरं आपल्या बेंगळुरूच्या कचेरीत येऊन पडली. रेकॉर्डच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही रेकॉर्डकीपर, मी तुमचा मुलगा, तुमच्याच हाताखाली नवा लागलेला कारकून. साहेबांची एका ओळीची चिठ्ठी येते: सगळ्या फाइली आपल्या कपाटांत हलवा, एका क्रमांकाची एकच फाइल ठेवा. पण त्यांचेही क्रमांक एकपासूनच सुरू होत होते! खणात आधीची फाइल असेल तर नव्या फाइलीच्या क्रमांकाला 'अ' जोडायचा, हे पहिल्याच दिवशी मला तुम्हीच शिकवलं होतं. मी विचारलं, "अण्णा, अ लावू?" तुम्ही सगळ्यांसमोर खेकसलात, "चिठ्ठीत अ आहे का? साहेबांपेक्षा तू शहाणा? हलव म्हटलं की हलवायचं!" आणि स्वतःच्या हातांनी जुने कागद पुठ्ठ्यांतून काढून त्यांच्या जागी नवे घातलेत. जुने कागद कॅन्टीनच्या बंबात गेले.

बळेपेठेतल्या आपल्या शेजारच्या अक्का मुलींच्या सरकारी शाळेत सोळा वर्षं शिकवत होत्या. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली, त्यांच्या नोकरीचे कागद मागवले गेले, तर त्यांच्या पुठ्ठ्यात निघाला हुबळीचा कुणी ड्रिलमास्तर. अक्का आपल्या ओट्यावर येऊन हसत म्हणाल्या, "माझ्या फाइलीला मिशा फुटल्या की हो, अण्णा! स्वल्प नीट बघा, मागे कुठे पडली असेल."

"सरी, ठीक आहे अक्का, बघतो," तुम्ही म्हणालात.

चार महिने बघत होतात तुम्ही! शिडीवर चढून, धूळ झटकून, जे जळून गेलं होतं ते शोधत होतात. रोज संध्याकाळी त्या ओट्यावर येऊन बसायच्या, रोज तुम्ही म्हणायचात, "सापडेल." पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतंत तर शाळेच्या हजेरीपटांवरून त्यांची फाइल पुन्हा उभी करता आली असती. तुम्ही सांगितलं नाहीत आणि मुदत टळली. सोळा वर्षं शिकवणाऱ्या बाई कागदोपत्री काल लागलेल्या ठरल्या, आणि त्यांनीच शिकवलेली मुलगी त्यांची मुख्याध्यापिका झाली. तिच्या टेबलासमोर उभं राहून अक्का रजा मागायच्या. याला तुम्ही इमानदारी म्हणत होतात?

उद्या कारकुनांच्या सभेत मी बोलणार आहे. त्यांच्याकडे एकच गोष्ट मागणार आहे: भरलेल्या खणात फाइल हलवायचा हुकूम आला, तर त्याच चिठ्ठीवर 'इथे आधीची फाइल आहे, तिचं काय करायचं?' असं लिहा, चिठ्ठी साहेबांकडे परत पाठवा, आणि लेखी उत्तर येईपर्यंत कागदाला हात लावू नका. टाळ्या पडतील.

हे पत्र मात्र तिथे वाचणार नाही, आईलाही दाखवणार नाही. अक्का ओट्यावर बसलेल्या असायच्या तेव्हा मीही घरातच असायचो. रद्दीचे गठ्ठे बंबापर्यंत मीच नेले होते, आणि त्या चार महिन्यांत त्यांना खरं सांगायला माझंही तोंड उघडलं नाही.