जपानचा व्हिसा आला

तिरोडा, ९ ऑक्टोबर १९५६

जपानचा व्हिसा आला. धानावरच्या करपा रोगाचा अभ्यास करायला मी खरंच जाणार. देवीची लस टोचल्याशिवाय तिथे उतरू देत नाहीत, म्हणून सकाळीच टोचून घेतली. दंड ठणकतोय, तरी हसू आवरत नाही. पण बाबांचा होकार? तो राहिलाच होता. धानाच्या बांधीवर, शेतात जाऊन त्यांना सांगितलं.

"कायले जाऊन राहिली? करपा तं इथंही आहे."

"तिकडं त्याच्यावर इलाज सापडला, बाबा. तो शिकून येते."

बाबांनी एक करपलेली लोंबी तळहातावर चोळून पाहिली. माझा दंड पुन्हा ठणकला. मग म्हणाले, "जा."

आता ते ओसरीवर शेजाऱ्यांना सांगताहेत, "जपानच्या धानाले करपा लागला, म्हणून माह्या पोरीले बोलावलं." मी आतून ऐकतेय आणि काहीच दुरुस्त करत नाही.