लिफ्टपाशी झालेला गैरसमज

सोमवार, ३ जून
सस्पेंड झालो. कागदावर तसा शब्द आहे, प्रत्यक्षात विश्रांती. साहेब म्हणाले, थोडे दिवस घरी थांब. ‘थांब’ म्हणाले, ‘जा’ नाही. यातला फरक बायकोला कळत नाही.

हकीकत एकदाच स्वच्छ लिहून ठेवतो. शनिवारी चोर घुसल्याचा कॉल आला. मी आणि माझा जोडीदार (आम्ही त्याला मुका म्हणतो, दिवसभर तोंड उघडत नाही) बिल्डिंगमध्ये शिरलो. लिफ्टपाशी माणूस. हातांना काहीतरी काळं. माझ्या जिवाला धोका! निर्णय घेतला, गोळी झाडली. माणूस लिफ्टचा मेकॅनिक निघाला. काळं ते ग्रीस. काम करताना हात स्वच्छ ठेवायला काय होतं या लोकांना?

संकल्प : पहाटे उठून धावणे. पोट कमी करणे. पेपर न वाचणे.

बुधवार, ५ जून
धावलो नाही. हिने उठवलं नाही.

पेपर वाचला. ‘निःशस्त्र नागरिकाचा मृत्यू’. निःशस्त्र होता हे आत्ता कळतंय! शिवाय चोर म्हणे शेजारच्या बिल्डिंगमध्ये होता. म्हणजे मी किती जवळ पोचलो होतो, ते कोणी छापत नाही.

शुक्रवार, १४ जून
बॅचच्या ग्रुपवर सविस्तर मेसेज टाकला : आज माझ्यावर आली, उद्या तुमच्यावर येईल, एकजूट दाखवा. सगळ्यांनी वाचला. भारावले असावेत, उत्तर कोणीच दिलं नाही. संध्याकाळी मी ग्रुपमधून बाहेर. अ‍ॅडमिनला फोन केला. म्हणाला, चुकून बोट लागलं. परत घ्यायला सांगितलं तर रेंज गेली त्याची.

सोमवार, ३० सप्टेंबर
खुनाचा खटला भरलाय. माझ्यावर! जामीन मिळाला. वकील म्हणतो, तुम्ही कमीत कमी बोला. घाबरट आहे. मी बोलायला लागलो की माणसं ऐकत राहतात, हे त्याला कोण सांगणार.

लेकीला वर्गात विचारलं, बाबा काय करतात? ती म्हणाली, घरी असतात. रागावलो. बाबा कारवाईत गुंतलेत असं सांगायचं, म्हणून बजावलं. तिने विचारलं, कोणावरच्या? अभ्यासाला बसवली.

रविवार, ९ फेब्रुवारी
उद्यापासून साक्षी. हॉलमध्ये तालीम. हिला म्हटलं, तू मेकॅनिक हो, त्या कपाटापाशी उभी राहा. राहिली. मग विचारते, तो काही बोलला का हो? म्हटलं, त्याच्या बोलण्याचा इथे काय संबंध? ती आत गेली, कुकर लावायचा होता म्हणे. निम्मी तालीम कपाटासमोर केली. उत्तम झाली.

सोमवार, १० फेब्रुवारी
मेकॅनिकची बहीण पहिल्या बाकावर. अंगात मळखाऊ निळा शर्ट, खिशावर कसलासा बिल्ला. सगळी सहानुभूती मिळवायची सोंगं. वकिलाला म्हटलं, हा मुद्दा घ्या. तो म्हणाला, तो तिचा कामाचा गणवेश आहे, इथून ती थेट शिफ्टला जाते.

माझ्याकडे एकदाही बघत नाही. नजर मिळवायची हिंमत नसावी.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
मुक्याची साक्ष. निश्चिंत होतो. इतकी वर्षं एका जीपमध्ये बसलोय, कधी ब्र काढला नाही त्याने. आज मात्र धडाधड बोलला. म्हणाला, त्या माणसाने आम्हाला बघून हात वर केले आणि म्हणाला, साहेब, लिफ्ट बंद आहे, पाचच मिनिटं थांबा, चालू करून देतो.

वकील मला कानात विचारतो, हे खरं आहे का? मला काय माहीत! गोळीच्या आवाजात कोणाला काय ऐकू येतं?

बहिणीने तोंडाला रुमाल लावला. बाहेर आल्यावर मुक्याला म्हटलं, उद्या जबाब बदल, तब्येतीचं कारण सांग. तो पुन्हा मुका झाला.

बुधवार, १२ फेब्रुवारी
माझी साक्ष. वकील नको नको म्हणत होता. मीच हट्टाने उभा राहिलो. सरकारी वकीलबाई अगदी साध्या. म्हणाल्या, तुम्ही अनुभवी अधिकारी, त्याचे हात नेमके कसे होते ते कोर्टाला दाखवता का? दाखवले की! दोन्ही डोक्याच्या वर, पंजे उघडे, बोटं फाकलेली. तपशिलात मला तोड नाही. बाई थँक यू म्हणून खाली बसल्या, पुढे एकही प्रश्न सुचला नाही बिचारीला. आमच्या वकिलाने डोळे मिटून घेतले होते. एकाग्रता.

हिला म्हटलं, निकालाच्या दिवशी चारजणांना जेवायला बोलाव. ती म्हणाली, कोणाला? विचार करून सांगतो म्हटलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
दोषी. जन्मठेप.

जज काय म्हणाले ते पुढचं नीट ऐकलं नाही. अपील आहेच. वरच्या कोर्टात शहाणी माणसं असतात.

व्हॅनमध्ये बसवलं. जाळीतून आवार दिसत होतं. ही त्या बहिणीसमोर उभी. बरं वाटलं, इतके दिवस गप्प असलेली बायको अखेर माझ्या बाजूने उभी राहिली, त्या बाईला चांगली सुनावतेय. पण हिची मान खाली होती. मग ही वाकली, आणि त्या बाईने हिला दंडाला धरून वर उठवलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

मागाहून व्हॅनमध्ये चढलेल्या शिपायाला म्हटलं, बघितलंस, कशी झापतेय आमची मिसेस? तो म्हणाला, मी तिथूनच आलो, वहिनी माफी मागत होत्या.

मी विचारलं, कशाबद्दल?

तो उठला आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.