केबिन मंजुरीच्या प्रतीक्षेत

३ जानेवारी २००६, मंगळवार
नवीन वर्ष, नवीन डायरी. चामडी कव्हरची कुणीतरी देईल म्हणून तीन दिवस थांबलो. शेवटी सिमेंटवाल्यांचीच उघडली. संकल्प एकच. यंदा केबिन.

एकोणीस वर्षं या कंपनीचं ॲडमिन बघतोय. गोकुळ शिरगावात दुसरी कंपनी दाखवा, जिथे ॲडमिन ऑफिसर पाण्याचा फिल्टर आणि झेरॉक्स मशीन यांच्या मध्ये बसतो! आज कोडोलीचा एक सप्लायर आला. माझ्या टेबलावर पिशवी आदळली आणि म्हणाला, पावणं, संडास कुठं हाय? दाखवला. करतो काय.

खोली नाही असं नाही. मीटररूमशेजारी आहे, दहा बाय बारा. खिडकी. खिडकीबाहेर चाफा. आणि ती कुणाकडे? धोंडीरामकडे. मेंटेनन्सचा माणूस. बरं, तो तिथे बसतही नाही, दिवसभर हिंडत असतो. खोलीत बसतात ते नळाचे वायसर, गेलेल्या ट्यूब आणि त्याची सायकल. सायकलला खिडकी, आणि मला फिल्टरचं थेंब थेंब पाणी.

४ जानेवारी
महाद्वार रोडला पितळी पाटी टाकली करायला. ‘आकाराम य. खोत, व्यवस्थापक (सुविधा)’. हे पद कंपनीत अजून नाही. पण पाटीवाला आठ दिवस घेतो, त्यामुळे आधी सांगितलेलं बरं.

१० जानेवारी, मंगळवार
देव आहे. सम्राटदादा (मालकांचे चिरंजीव, एमबीए) पुण्याच्या सेमिनारहून एक सीडी घेऊन आले. सॉफ्टवेअर. बिल्डिंग, खोल्या, पंखे, नळ, सगळं त्यातून सांभाळायचं. काही बिघडलं की कॉम्प्युटरवर विनंती टाकायची, तिला नंबर पडणार, मग मंजुरी, मग काम धोंडीरामकडे, मग ‘पूर्ण’. दादा म्हणाले, इथून पुढं जागा आणि माणूस आकड्यांवर ठरणार. कुठली खोली किती वापरात आणि कुठल्या माणसाला किती काम, हे सॉफ्टवेअरच सांगेल. मी टाळी वाजवली. एकट्यानेच.

मंजुरी देणार कोण? मी.

हिशेब सरळ आहे. धोंडीरामचं काम आकड्यात कमी दिसणार. मग पोस्ट कशाला? बाहेरचा कॉन्ट्रॅक्टर लावू. मग खोली रिकामी. मग चाफा.

१२ जानेवारी
सर्क्युलर काढलं. ‘तोंडी सांगितलेले काम हे काम समजले जाणार नाही.’ आजवरची पद्धत अशी की कुणीही हॉलमध्ये उभं राहून ‘धोंडीराऽऽम’ अशी हाक मारायची. तो लांबून ‘व्हयऽऽ’ म्हणणार आणि येऊन करून जाणार. ना नंबर, ना नोंद. अशाने कंपन्या बुडतात.

धोंडीरामने सर्क्युलर दोनदा वाचलं. म्हणाला, बरं की सायेब, पर तवर कुणाचं काम अडून ऱ्हायलं तर वो? म्हटलं, अडू दे, नियम म्हणजे नियम. व्हय व्हय, म्हणाला, आणि जाता जाता स्टुलावर चढून माझ्या डोक्यावरची फडफडणारी ट्यूब फिरवून नीट करून गेला. विनानंबर! पहिलंच उल्लंघन. लिहून ठेवलं आहे.

१७ जानेवारी, मंगळवार, दु. २.३०
अकरा ते दोन लोडशेडिंग. लाइट गेल्याची विनंती टाकायला गेलो तर कॉम्प्युटर बंद. यूपीएस नादुरुस्त. दीप्तीला (आमची कॉम्प्युटर ऑपरेटर) सांगितलं, यूपीएस दुरुस्तीची विनंती टाक. म्हणाली, टाकते की सर, लाइट आल्यावर. लाइट आल्यावर म्हणाली, आता यूपीएस कशाला लागतोय? पोरगी हुशार आहे, पण फाटे फोडते.

३१ जानेवारी
पहिला महिना. विनंत्या एकूण सात. पैकी चार माझ्याच, सवय लागावी म्हणून.

चहाखोलीतल्या शालूबाईंना विचारलं, बेसिनचा नळ गळत होता ना, मग विनंती का टाकली नाही? म्हणाल्या, मी न्हाय बाई धोंडीरामभाऊच्या नावावर कागूद चढवायची. कागदावर नाव चढलं की मानूस गोत्यात येतंय. म्हटलं, अहो हा कागद नाही, कॉम्प्युटर आहे. मग तर लईच वंगाळ, म्हणाल्या. चाळीस मिनिटं समजावलं. मध्ये दोनदा चहा दिला. नळ बघितला तर गळतच नव्हता. म्हणजे उगाच बोभाटा.

८ फेब्रुवारी, बुधवार
माझ्या टेबलावरचा पंखा दोन वर्षं कटकट कटकट करायचा. आज सकाळपासून गप्प. कुणी विनंती टाकलेली नाही, मी मंजुरी दिलेली नाही. सिस्टीमचा धाक यंत्रांनाही बसतो की काय? दादांच्या सेमिनारच्या पुस्तकात याबद्दल काहीतरी असणारच.

१३ फेब्रुवारी, सोमवार, साप्ताहिक सुट्टी
घरची पाण्याची मोटर बसली. मी कॉन्ट्रॅक्टर शोधतो म्हणालो. तोवर हिने परस्पर धोंडीरामला फोन केलासुद्धा. गडमुडशिंगीहून सायकल मारत आला. तासाभरात मोटर चालू. पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला. म्हणाला, आमच्या पोरीचं, रूपालीचं, नर्सिंगचं शेवटचं वरीस हाय, तेवढं पार पडलं की सुटलो बगा.

तो गेल्यावर ही म्हणाली, त्या माणसाला जपा. मी म्हणालो, माणसं जपायची नसतात, प्रोसेस जपायची असते. ही म्हणाली, मग उद्या मोटर बिघडली की प्रोसेसला घाला विहिरीत. थोडं लागलं मनाला. थोडंच. पाणी मात्र जोरात येतंय.

२५ फेब्रुवारी, शनिवार
पाटी येऊन महिना झाला. कपाटात पेपरात गुंडाळलेली आहे. आज न राहवून रीतसर विनंती टाकली: ‘मीटररूमशेजारील खोलीच्या दारावर नावाची पाटी बसवणे.’ तयारी असलेली बरी.

मंजुरी द्यायला गेलो तर कॉम्प्युटर देऊ देईना. विनंती टाकणारा आणि मंजुरी देणारा एकच चालत नाही. हा नियम कुठल्या शहाण्याने घातला म्हणून विचारलं. दीप्ती म्हणाली, तुम्हीच सर. खरं आहे. धोंडीरामने स्वतःच स्वतःला मंजुरी देऊ नये म्हणून घातला होता. राहू दे प्रलंबित. आपोआप होईल काहीतरी.

आपला अजून एक नियम जबरदस्त आहे. तीस दिवस पडून राहिलेल्या विनंतीचं पत्र आपोआप थेट सम्राटदादांच्या कॉम्प्युटरला जातं. धोंडीरामचा आळस परस्पर वर कळावा म्हणून.

१ मार्च
फेब्रुवारी: विनंत्या दोन. दोन्ही माझ्या.

१८ मार्च, शनिवार
मार्चमध्ये आजतागायत शून्य. शून्य! या बिल्डिंगमध्ये आता काही बिघडतच नाही. खिडकीची काच फुटली होती, परवा बघतो तर सलग. संडासाची कडी लागत नव्हती, आता लागते. वस्तूंना शिस्त लागली की असं होतं. हे दादांच्या कानावर घातलं पाहिजे.

एक शिस्त तेवढी राहिली आहे. लोक चहाखोलीत दाराआड फार घुटमळतात. परवा अकाउंट्सचे दोघं, काल स्टोअरचा एक. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. शब्दकोडं सोडवत असणार. केबिन मिळाल्यावर बघतो एकेकाकडे.

२६ मार्च, रविवार
रिपोर्ट तयार. अकरा पानं, तीन रंगीत आलेख. मेंटेनन्स कर्मचाऱ्याला मार्चमध्ये काम: शून्य. शिफारस: पोस्ट रद्द करावी, खोली पाडव्याआधी रिकामी करून ‘सुविधा विभागाला’ द्यावी. सुविधा विभाग म्हणजे मी.

चार वाजता धोंडीराम टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, सायेब, रिपोर्टात आमचं कायतरी हाय म्हनं? म्हटलं, मी काही बोलत नाही, आकडे बोलतात. बरं, म्हणाला. मग म्हणाला, तुमचा खण अजून अडकतुया न्हवं? खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला, खण बाहेर ओढला, दोन्ही कडांना मेण घासलं. आता बोट लावलं की सरकतो. रिपोर्ट त्याच खणात होता.

वाईट वाटलं. लिहायला हरकत नाही, ही डायरी वाचतंय कोण. पण भावनेच्या भरात निर्णय बदलणं हे व्यवस्थापकाचं लक्षण नव्हे.

२८ मार्च, मंगळवार, सायं. ५.१०
थोडक्यात लिहितो.

दहा वाजता सगळ्या स्टाफसमोर रिपोर्ट सादर केला. दादांनी शांतपणे ऐकला. मग म्हणाले, काल सुट्टी होती, आज कॉम्प्युटर उघडला तर पहिलंच पत्र आलं होतं. तीस दिवस प्रलंबित. मोठ्यानं वाचलं. पाटीवरचा मजकूर, कंसातल्या ‘सुविधा’सकट. हॉल गप्प. मग गप्प नाही.

दादा म्हणाले, महिनाभर एक विनंती नाही म्हणता, मग खोतसाहेब, तुम्ही मंजूर काय करत होता? म्हटलं, देखरेख. कशावर, विचारलं.

तेवढ्यात चहा घ्यायला म्हणून दादा चहाखोलीत गेले आणि फोन आला म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी आतूनच हाक मारली. दाराआडची अख्खी भिंत, वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं लिहिलेली. काम, तारीख, टिक. काम, तारीख, टिक. कुठेही कुणाचं नाव नाही, ना सांगणाऱ्याचं, ना करणाऱ्याचं. एकच अपवाद, तो माझा. शालूबाई म्हणाल्या, सायबास्नी सही-शिक्क्याची आवड हाय, म्हनून त्यांचं तेवढं नावानं लिवलं.

‘खोतसायेब, पंखा.’ टिक. सगळ्यात खाली: ‘खोतसायेब, खण.’ टिक.

दीप्तीने मोजलं. जानेवारीपासून दोनशे बारा. राहिलेलं काम एकही नाही. दादा म्हणाले, ह्याला म्हणतात प्रोसेस. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, तेवढे उपकार.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. हिने विचारलं, केबिनचं काय झालं? मुहूर्त पुढे गेला म्हणालो. हिने श्रीखंड वाटीभर जास्त वाढलं. त्यानेच जास्त लागलं.

४ एप्रिल, मंगळवार
लेखी ऑर्डर निघाली. जागा आणि माणूस आकड्यांवर. सुविधांचा चार्ज धोंडीरामकडे, पगारवाढीसह. खोली त्याचीच राहणार. माझं टेबल फिल्टरच्या वाटेत येतं आणि साठ माणसांना वळसा पडतो, असं सॉफ्टवेअरचं म्हणणं. म्हणून टेबल हलवून धोंडीरामच्या खोलीत. काम: भिंतीवर जे लिहिलं जाईल ते रोज कॉम्प्युटरला चढवणे.

शांतपणे विचार केला. मला हवी होती ती मीटररूमशेजारची खोली मिळाली. खिडकी मिळाली. चाफा मिळाला. संकल्प पहिल्या चार महिन्यांत पूर्ण होणारी माणसं किती असतात? सायकल तेवढी हलवायला सांगणार आहे. योग्य वेळ बघून.

पाटीसुद्धा लागली. धोंडीराम आपणहून म्हणाला, पितळ झ्याक हाय सायेब, पेपरात कशाला ठेवताय? चार स्क्रू, चार मिनिटं. दाराच्या बाहेरच्या बाजूला त्याची पाटी यायची आहे, म्हणून माझी आतल्या बाजूला. लोकांची ये-जा असते, त्यामुळे दार दिवसभर भिंतीला लावून उघडं असतं. पाटीचं तोंड भिंतीकडे. धूळ बसणार नाही.

६ एप्रिल, गुरुवार
सकाळी कोडोलीचा तोच सप्लायर. थेट खोलीत आला, माझ्या टेबलावर पिशवी आदळली. मी उठून संडासाकडे बोट करणार, तोच म्हणाला, पावणं, धोंडीरामसायेब कुठं गेल्यात वो?

म्हटलं, राउंडला गेलेत, येतील इतक्यात, बसा. खोलीत खुर्ची एकच होती, माझी. ती दिली.