माझं शून्य टक्क्यांचं कार्ड

३ मार्च, रविवार, दुपारी ४
सासऱ्यांच्या वाढदिवसाच्या जेवणाहून आत्ताच आलो. चारचौघांत माझं नाक कापलं गेलं. कापणारा माझा साडू. दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या विकतो, त्यासाठी वर्षातून चारदा परदेशी जातो आणि टक्क्यांशिवाय बोलत नाही. यापुढे या वहीत त्याचं नाव टक्केसाहेब.

घडलं असं. मुलीच्या परदेशातल्या कॉलेजची पहिली फी मी माझ्या जुन्या कार्डावर भरली, हे कौतुकाने सांगत होतो. त्याने विचारलं, चलन बदलायचा चार्ज किती पडला? असेल काहीतरी, म्हटलं. त्याने लगेच मोबाईल काढला. साडेतीन टक्के, वर टॅक्स, असं करत हिशेब केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की एवढ्यात पोरीचा लॅपटॉप आला असता. सासरे हसले. मेहुणी हसली. बायको सगळ्यांत जास्त हसली.

याचं उट्टं काढणार. शांतपणे, पण पुरेपूर.

४ मार्च, सोमवार
पंचवीस वर्षं खरेदी विभागात काढली. तीन कोटेशनं आल्याशिवाय आमच्याकडे पेन्सिलही घेतली जात नाही. आणि हा खुर्चीविक्या मला दर शिकवणार! तुलनात्मक तक्ता करायला घेतला. अकरा कार्डं, चौदा रकाने. ऑफिसातले साहेब मागे येऊन उभे राहिले, हे कुठलं टेंडर म्हणून विचारलं. गोपनीय आहे, म्हटलं.

९ मार्च
तक्ता पूर्ण. टक्केसाहेबाचं कार्ड धातूचं, टेबलावर टाकलं की खण्णकन वाजतं. परदेशात चार्ज दोन टक्के, पॉइंटमधून तीन टक्के परत. मी निवडलेलं कार्ड प्लास्टिकचं. पण चार्ज शून्य! शिवाय परदेशी चलनातल्या खर्चावर दुप्पट पॉइंट. वार्षिक फी पाच हजार आहे. ती तक्त्यात धरली नाही, कारण त्याने चित्र बिघडतं.

२४ मार्च
कार्ड आलं. पहिल्या महिन्यात साठ हजार खर्च केले तर स्वागताचे पॉइंट. खर्च सुचेना. ट्रेडमिल घेतली. बायकोने विचारलं, यावर चालणार कोण? मी म्हटलं, प्रश्न चालण्याचा नाही, पॉइंटचा आहे. ट्रेडमिल बेडरूमच्या दारात अडकली आहे. आम्ही अंग चोरून आत जातो.

पॉइंटची किंमत अकराशे. सुरुवात चांगली आहे.

३१ मार्च, रविवार
आज घाव घातला. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं आणि ते दोघं मिळून मुलीला भेटायला जातोय. सासऱ्यांसमोर टक्केसाहेबाला आव्हान दिलं. तिथला निम्मा खर्च त्याच्या कार्डावर, निम्मा माझ्या. परत आल्यावर दोघांची स्टेटमेंटं शेजारी शेजारी ठेवायची. ज्याला शेकडा जास्त भुर्दंड, तो हरला. पुढच्या वर्षी मुलीच्या पदवीदानाला हरणाऱ्याने कार्ड घरी ठेवायचं. त्या दिवसाचं सगळं, अगदी तिच्या जेवणाचं बिलसुद्धा, भरण्याचा मान जिंकणाऱ्याचा.

तो म्हणाला, अहो, पोरीच्या पदवीचं जेवण तुमचंच, त्यावर कसली पैज लावता? घाबरला! मी लगेच कागद केला. अट क्रमांक चार: कोणत्याही कारणाने सवलत मिळणार नाही. साक्षीदार म्हणून सासऱ्यांची सही.

१४ एप्रिल, सकाळी ११
परदेशात पहिली खरेदी. मुलीसाठी जाड कोट. मशीनमध्ये कार्ड घातलं तर पडद्यावर प्रश्न आला. पैसे इथल्या चलनात घ्यायचे की तुमच्या? मशीनने माझा देश ओळखला! टक्केसाहेब मागून म्हणाला, इथलं दाबा, इथलं.

का सांगत होता, ते न कळायला मी काही दूधखुळा नाही. बाहेरच्या कंपनीला आम्ही ऑफिसातून हेच बजावतो, भाव आमच्या चलनात द्या. म्हणजे रेटची डोकेदुखी त्यांची. आपलं चलन दाबलं. चलन बदललंच नाही तर चार्ज लागेल कशाला? त्याने कपाळाला हात लावला. तो हात बघून प्रवासाचे पैसे वसूल झाले.

१६ एप्रिल
म्युझियम, आपलं चलन. औषधाचं दुकान, आपलं चलन. टक्केसाहेबाने पुन्हा समजावायचा प्रयत्न केला. मी कानात हेडफोन घातला. त्यात गाणं काही लावलं नव्हतं.

१८ एप्रिल
नाश्त्याला मुलगी म्हणाली, बाबा, काका म्हणतात ते एकदा ऐका ना. पोरीलाही फितवलंय. सुडाची गोडी आणखी वाढली.

२१ एप्रिल, रविवार
शेवटचं जेवण, पाच माणसांचं, माझ्या वाटणीचं. वेटरने मशीन आणलं आणि मुलगी माझ्याकडे बघत होती. ती शाळेत असताना सहलीचे पैसे भरायला मी शेवटच्या दिवशी जायचो. आज परक्या देशात ऐटीत बटण दाबलं. आपलं चलन. तिने माझ्या हातावर हात ठेवला. पुढच्या वर्षी हेच, पदवीच्या टोपीसकट.

१० मे, शुक्रवार, दुपारी १
बँकेच्या ॲपवर स्टेटमेंट आलं. काहीतरी घोटाळा आहे. बँकेला फोन लावला.

दुपारी २
बँकेतली मुलगी फार गोड बोलते. आमचा चार्ज शून्यच आहे, सर, म्हणाली. पण आपलं चलन निवडलं की चलन ते दुकानाचं मशीनच बदलतं, स्वतःच्या रेटने. तो सात टक्के जास्त होता. वर आपल्या चलनात परदेशी खर्च केल्याचा एक टक्का वेगळा. दुप्पट पॉइंट नाहीत, कारण ते परदेशी चलनावरच मिळतात. मी वरिष्ठांना बोलवायला सांगितलं. वरिष्ठांनी तेच सांगितलं, फक्त सावकाश.

आठ टक्के. खरेदी विभागात कुणाला कळता कामा नये.

११ मे
उद्या निकाल. आजारी पडायचं ठरवलं. ताप मोजला. नाही. पुन्हा मोजला. सासऱ्यांना कळवलं की स्टेटमेंट अजून आलं नाही, बँकेचा कारभार ढिसाळ आहे.

१२ मे, रविवार
सगळे जमले. मी बँकेच्या ढिसाळपणावर बोलत असतानाच बायकोने स्टेटमेंटची प्रिंट टेबलावर ठेवली. ईमेल तिचा दिला होता, हे मी विसरलो होतो.

टक्केसाहेबाने दोन्ही कागद वाचले. मी त्याच्या हसण्याची वाट बघत होतो. चार सडेतोड उत्तरं पाठ केली होती. तो हसलाच नाही. म्हणाला, पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं, दोन खुर्च्यांचं कमिशन गेलं, बायकोला अजून सांगितलेलं नाही. मेहुणी शेजारीच बसली होती. मग त्यांची तिथेच जुंपली आणि माझ्याकडे कुणी बघेना.

जाताना तो म्हणाला, पैज फाडून टाका. सासऱ्यांनी चष्मा लावून अट क्रमांक चार मोठ्याने वाचली आणि सवलत नाही, असं जाहीर केलं. मला टक्केसाहेबाचा राग यायला हवा होता. नुसतं वाईट वाटलं, आणि ते कुणावर काढायचं हे कळेना.

१९ मे, रविवार
मुलीचा फोन. आईने सगळं सांगितलेलं दिसतं. म्हणाली, पदवीच्या दिवशी काका बघतील सगळं, तुम्ही फक्त या, बाबा. मी म्हटलं, येतो. मग आज तिथला रेट काय आहे, ते विचारलं. तिने सांगितला. मी पेन हातात घेऊन बसलो होतो, पण लिहून घेतला नाही.