झाकून ठेवलेलं ताट

साकाई, १४ नोव्हेंबर

प्रिय इसोगाई,

गुडघे बरे आहेत, छत्र्यांचा कारखाना चालू आहे. तुझा नवा कोश पोचला. आपण सगळ्यांनी मिळून घडवलेल्या भाषेतलं 'तेम' हे मूळ त्यातून गायब! त्याची खरी किंमत ठाऊक आहे तुला? बर्फात अडकलेली एक गाडी, दोनदा भाजलेला बांगडा आणि माझ्या किनुएची अख्खी संध्याकाळ.

त्या गाडीत तूच होतास. विसरलास? कानाझावाहून आमच्या घरी उपाशी आलास. बाकीची मंडळी जेवून शब्दांवर भांडत बसली होती. किनुएनं तुझ्यापुढं ताट उघडलं, तसा तू म्हणालास, "वहिनी, अशा राखून ठेवलेल्या ताटाला आपल्या भाषेत शब्दच नाही."

"आधी खा. शब्द कुठं पळून जातोय?"

तुझं सूप संपेपर्यंत तिनं तो घडवलाही. तेमा म्हणजे उशिरा येणाऱ्यासाठी झाकलेलं ताट, तेमी म्हणजे ते झाकून ठेवणं, तेमोर म्हणजे वाट बघत बसणारं माणूस. टाळ्या तूच वाजवल्यास. आणि आता लिहितोस, "यंदाच्या सभेत या मुळाचं एकही वाक्य आलं नाही, नियमानुसार वगळलं." नियम मला शिकवू नकोस. दरवर्षी प्रत्येक मूळ कुणीतरी सभेत वापरून दाखवायचं, हा ठराव मीच मांडला होता!

अरे, तेम आमच्या घरात रोज बोललं जातं. कारखान्यातून कितीही उशीर होऊ दे, दारातूनच मी ओरडतो, "तेमा?" आतून उत्तर येतं, "तेमी!" तुम्ही प्राध्यापक लोक वर्षातून एकदा बोलणार, भाषा जगते ती आमच्या स्वयंपाकघरात.

वर लिहितोस, तेमाऐवजी 'ताट' आणि 'थांब' हे शब्द जोडून भागेल. त्या दिवशी तुला रिकामं ताट देऊन 'थांब' म्हणायला हवं होतं.

सभेत तेमची वाक्यं किनुएच म्हणायची. यंदा आम्ही आलो नाही. गुडघ्यांचं कारण कळवलं होतं मी. गुडघे नव्हते ते.

तेव्हा तू ये. गाडी चुकव, बर्फात अडक, हवा तेवढा उशीर कर. बांगडा मी भाजीन, ताट झाकून ठेवीन. मग वाक्य लिहून घे आणि तिचं मूळ परत घाल.

तुझ्यावर चिडलेला तेमोर,
तोकुजी

ता. क. कुणालाच कळवलं नव्हतं. किनुए फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून या घरात तो शब्द कुणी उच्चारलेला नाही.